वेलमारची दारं

वेलमार शहरात तेव्हा दोनशे चौदा घरं होती. त्यांपैकी एकतीस घरांत आत जाता येत होतं. बाकीच्यांची दारं ढकलली की लाकडाचा आवाज यायचा आणि तेवढ्यावर संपायचं. विहिरी नऊ, त्यातल्या दोन कोरड्या. पूल तीन, देवळं दोन, राजवाडा एक. मासळीबाजारात सतरा पाट्या आणि प्रत्येक पाटीत तेच पाच मासे. माणसं तीनशे चाळीस, चेहरे अठ्ठावीस. कुत्री सहा. मांजर एकच, पण कुठल्याही गल्लीत वळलं तरी ते आपल्याआधी तिथं येऊन बसलेलं असायचं.

“झाली का मोजणी, तलाठीबाई?” समीनानं मान न वळवता विचारलं.

“मांजर एकच आहे.”

“एकच राहणार. दुसरं सोडलं की मशीन धापा टाकतंय.”

मी माझ्या पडद्यावरच्या माणसाला शहराच्या वेशीपाशी नेऊन उभं केलं. तिथला पहारेकरी भाला आपटून म्हणाला, “वेलमारमध्ये स्वागत असो! इथं एक लाख जीव नांदतात.”

“दोनशे चौदा घरांत,” मी म्हटलं.

“एका घरात पाचशे,” समीना म्हणाली. “आमच्या मामूच्या लग्नात झोपली होती तेवढी.”

खेळ होता तलवारींचा आणि चेटकांचा. खेळणाऱ्यानं घोड्यावर बसून अख्ख्या राज्यात वाटेल तिकडे फिरायचं. डोंगर, जंगलं, समुद्र हे सगळं परदेशातल्या एका कंपनीनं केलं होतं. राजधानी, म्हणजे वेलमार, आमच्याकडे आली होती. आम्ही म्हणजे कोल्हापुरात शाहूपुरीतल्या पाइप-फिटिंगच्या दुकानाच्या वर बसणारी चौदा माणसं. मालक अजिंक्य सरनोबत. त्यांची कंपनी मूळची फाउंड्रीवाल्यांना कास्टिंगची ड्रॉइंग्ज करून देणारी. “पंपाच्या झाकणावरनं राजवाड्यावर आलो,” असं ते पाहुण्यांना सांगत. मी ऋता, संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आठ महिन्यांपूर्वी लागलेली. बाहेरची माणसं आणून त्यांना खेळ खेळायला लावायचा आणि ती काय करतात ते मोजायचं, हे माझं काम.

त्याला आता सात वर्षं झाली. खेळ आला, थोडा चालला, विसरला गेला. पण त्या ऑक्टोबरातला थकवा मला अजून आठवतो. प्रकल्पाचं तिसरं वर्ष होतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या समीनाच्या टेबलावर डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या होत्या, आणि पलीकडच्या कोपऱ्यात दौलत लोहार एका हातानं मान दाबत दुसऱ्या हातानं पडद्यावर कौलं बसवत असायचे.

वेलमार दौलतदादांचं होतं. कागदावर कंपनीचं, पण घरं त्यांची. चाळिशीचा माणूस, वडील फाउंड्रीत लाकडी साचे करायचे. दोनशे चौदाही घरं त्यांनी एकेक करून, हातानं उभी केली होती. एकासारखं दुसरं नाही. कुठं पन्हळ गळून भिंतीवर हिरवा ओघळ आलेला, कुठं उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलेला. “तिथनं लई माणसं गेली असणार,” असं ते म्हणायचे, जणू ती खरंच गेली होती.

त्या दिवशी सरनोबत सर दुपारी चारला आले, खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, “फोन झाला त्या बाईंशी.”

त्या बाई म्हणजे परदेशी कंपनीतर्फे आमचं काम पाहणाऱ्या.

“काय म्हणाल्या?” दौलतदादांनी विचारलं.

“काम सुंदर आहे म्हणाल्या.”

“आणि?”

“राजधानी खेड्यासारखी वाटते म्हणाल्या.”

दौलतदादांनी कौल बसवलं, ते जरा तिरकं बसलं होतं, ते काढून पुन्हा बसवलं. “मोजून बघा म्हणावं. एका टोकापास्नं दुसऱ्या टोकाला जायला घोडा दमतोय.”

“त्यांनी मोजलं नाही, दौलत. त्यांना वाटलं. आणि जाहिरातीत सगळ्यांत मोठं शहर म्हणून छापून बसलेत.” सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “बारा दिवसांनी, मंगळवारी, त्या स्वतः शहरात फिरणार आहेत. तेव्हा मोठं वाटलं पाहिजे. नाहीतर समीनाचं घ्यायचं.”

समीनानं गंमत म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला होता. रस्ते किती, घरं किती हे सांगितलं की अडीच तासांत तो शहर उभं करायचा. चार हजार घरं. त्याला ऑफिसात सगळे हायब्रीड म्हणायचे आणि दौलतदादांच्या शहराला गावठी.

“सर, मी ते टाइमपास म्हणून केलंय,” समीना म्हणाली.

“टाइमपासच कामाला येतो शेवटी. ऋता, दोन्ही शहरांत माणसं फिरवा आणि मला आकडा द्या. ज्याचा आकडा मोठा, ते शहर. माझं मत नको, दौलतचं नको, बाईंचं नको.”

“आणि गावठीचं काय?” मी विचारलं.

“काढून टाकायचं. दोन्ही राज्यात मावत नाहीत.”

मी दौलतदादांकडे पाहिलं. ते पडद्याकडेच पाहत होते. “तीन वर्सं,” ते म्हणाले, पण कुणाला उद्देशून नाही.

इंजिनीअरिंग कॉलेजातली चाळीस मुलं मी आणली. वीस जणांना गावठीत सोडलं, वीस जणांना हायब्रीडमध्ये. प्रत्येकाला पंधरा मिनिटं फिरू दिलं. नंतर एकच प्रश्न: तुमच्या अंदाजानं या शहरात किती घरं असतील?

हायब्रीडवाल्यांची उत्तरं हजाराच्या पुढं गेली. गावठीवाल्यांची शंभराच्या आसपास घुटमळली. नव्वद, एकशेदहा, शंभर, एकशेवीस.

आकडा माझ्याकडे होता. सरांना देऊन टाकायचा आणि घरी जाऊन झोपायचं, एवढंच काम उरलं होतं. पण तो आकडा मला टोचत होता. मुलं साडेचारशे म्हणाली असती किंवा तीस म्हणाली असती, तर मी अंदाज म्हणून सोडून दिलं असतं. वीसच्या वीस जण खऱ्या संख्येच्या निम्म्यावर येत होते. चूक एवढी शिस्तीत होत नाही.

“म्हणजे त्यांना अर्धंच शहर दिसलं,” मी समीनाला म्हटलं.

“फिरली तर सगळीकडं. मी बघत होते.”

“फिरली सगळीकडे. बघितलं कुठं?”

खेळणारा कुठं पाहतोय त्याची नोंद मशीन आपोआप ठेवतं. ती वीस मुलांची नोंद समीनानं नकाशावर रंगवून दिली. जिकडं जास्त पाहिलं तिकडं लाल. नकाशा उघडला आणि आम्ही दोघी पडद्याजवळ सरकलो. वेशीपासून राजवाड्यापर्यंत जाणारा हमरस्ता, त्याला समांतर असलेले लहान रस्ते, सगळे पूर्व-पश्चिम. प्रत्येक रस्त्याची एक बाजू लालभडक आणि दुसरी कोरी.

“डावरी-उजवरीचं काही असंल,” समीना म्हणाली.

“येताना आणि जाताना बाजू बदलते. इथं तीच बाजू कोरी आहे. उत्तरेची.”

मग मी वेलमारमध्ये गेले आणि हमरस्त्यावर उभी राहिले. आठ महिने रोज जात होते. पहिल्यांदाच सावकाश, पायी चालले. रस्त्याच्या दक्षिणेच्या बाजूला, उत्तरेकडे तोंड करून, दारं होती, दारात बाया होत्या, टोपल्या होत्या, धूर होता. उत्तरेच्या बाजूला भिंती होत्या. सुंदर, ओल धरलेल्या, वेल चढलेल्या, पण भिंतीच. घरं रस्त्याकडे पाठ करून बसली होती. त्यांची दारं पलीकडच्या बोळात उघडत होती, जिथं कुणी जात नव्हतं. आणि आमच्या खेळातली माणसं दारातूनच बाहेर पडतात, दारापाशीच बसतात. दार नाही तिथं माणूस नाही, दुकान नाही, कुत्रंसुद्धा नाही.

मी दारांची तोंडं मोजली. पूर्वेला अठ्ठ्याहत्तर, पश्चिमेला सत्तेचाळीस, उत्तरेला एकोणनव्वद. दक्षिणेकडे तोंड असलेलं एकही नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळ्यांसमोर मांडलं. खरं सांगायचं तर जरा ऐटीतच मांडलं. सरनोबत सर आधी नकाशाकडे पाहत राहिले आणि मग असे हसले की त्यांना ठसका लागला.

“दक्षिणेला दार नाही! अरे दौलत! ड्रॅगनच्या राज्यात वास्तुशास्त्र लावलंस होय रे?”

“सवय असते, सर,” मी म्हटलं. “आपल्याकडे कुणी दक्षिणेला दार ठेवत नाही. हात आपोआप...”

“आणि गंमत बघा,” समीना म्हणाली, “वेलमारच्या लोकांच्या धर्मात मेलेली माणसं उत्तरेला जातात, समुद्रात. कंपनीनं पाठवलेल्या कागदात लिहिलंय. आपण एकोणनव्वद दारं मसणवट्याकडं तोंड करून ठेवलीत.”

सगळे हसले. बऱ्याच महिन्यांनी त्या खोलीत हसू आलं होतं. सर टेबलावर थाप मारून म्हणाले, “मग सोपंय की! रस्त्यावरची घरं तेवढी फिरवायची. किती आहेत?”

“एकसष्ट,” मी म्हणाले.

“किती दिवस?”

“दादांनी केलं तर तीन,” समीना म्हणाली. “मला जमायचं नाही. भिंती त्यांनी हातानं शिवल्यात, मी दार उचकटलं तर घर फाटंल.”

“दौलत?”

दौलतदादा हसत नव्हते. “नको,” ते म्हणाले.

“नको म्हणजे?”

“फिरवायची नाहीत. हायब्रीड घ्या, सर.”

“अरे, तुझं शहर वाचतंय!”

“मला कळतंय ते. माझं काढून टाका. मी स्वतः काढून देतो.” ते उठले आणि जिन्याकडे गेले. जाताना खुर्ची नीट आत सरकवून गेले.

सर माझ्याकडे पाहत राहिले. “काय झालं ह्याला?”

मला माहीत नव्हतं. मी मागोमाग गच्चीवर गेले. तिथं पाण्याच्या टाकीच्या सावलीत ते कठड्याला टेकून उभे होते. खाली पाइप उतरवत होते. लोखंडावर लोखंड आपटायचं आणि आवाज थोडा उशिरा वर यायचा.

“दादा, मी सवय म्हटलं ते लागलं का तुम्हाला?”

“न्हाई. चुकलं तेवढं.”

“काय चुकलं?”

“सवय न्हाई ती. आधी होती दारं. एकसष्टच्या एकसष्ट दक्षिणेला होती, रस्त्यावर, जिथं असायला पायजेत तिथं. मी फिरवली.”

ते खाली पाहतच बोलत होते.

“दोन वर्सांमागं, गणपती नुकतेच गेलेले. भारतीला ताप आला. डासाचा म्हणाले. पाचव्या दिवशी लघवी बंद. किडन्या बसल्या. रक्तात ते क्रिएटिनिन असतं बघ, आपलं तुपलं एकच्या आत असतंय; तिचं आठ. एक दिवसाआड डायलिसिस. आमची आत्या दवाखान्यात आली ती बसायच्या आधीच म्हणाली, दक्षिणेचं दार घेतलंस स्वस्तात मिळालं म्हणून, आता भोग. फ्लॅट आमचा दक्षिणमुखी हाय. फ्लॅटचं दार कुठं फिरवणार? मागं लिफ्टची भिंत.”

“हं.”

“मी बाहेर बाकावर बसलेलो. मांडीवर लॅपटॉप, कारण सरांना काम द्यायचं होतं. पडद्यावर तांबटाचं घर उघडं होतं, त्याचं दार दक्षिणेला. ते फिरवलं. कशाला फिरवलं विचारू नको. तिथलं फिरवता येत होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, थोडी लघवी झाली. मग मी शेजारचं फिरवलं.” त्यांनी कठड्याचा पोपडा नखानं काढला. “सहा आठवडे लागले. तिकडं आकडा उतरत होता, इकडं मी दारं फिरवत होतो. शेवटची चार फिरवली आणि डायलिसिस बंद झालं.”

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, अशा तापात बसतात आणि पुष्कळदा परत चालू होतात. त्यांचं खरं असणार. मी बी डिप्लोमा केलेला माणूस हाय, ऋताबाई. मला कळतंय.”

“मी काही म्हटलं नाही.”

“मनात टक्केवारी काढत असशील.”

“नाही.”

“काढ की. मी पण काढून बघितली. येत न्हाई काही.” ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. डोळे लाल होते, पण ते आमच्या सगळ्यांचेच असायचे. “दर तीन महिन्याला रक्त तपासतो. एकच्या आत असतं. मी ती दारं परत फिरवली, आणि पुढच्या खेपेला आकडा चढला, तर मी काय करू? त्यापेक्षा शहर जाऊ दे.”

“वहिनींना माहीत आहे?”

“खुळी का तू?”

मी खाली आले आणि सरांना सांगितलं की दादांची तब्येत बरी नाही. सर म्हणाले, “तब्येत कुणाची बरी आहे इथं?” आणि हायब्रीडच्या तयारीला लागायला सांगितलं. पुढचे दोन दिवस समीनानं ते केलं. ती एकही विनोद करत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी भारती वहिनी आल्या. ठेंगणी, काळीसावळी, हातात डबा. दौलतदादा डबा घरी विसरले होते. ते तेव्हा खाली बँकेत गेले होते आणि सर नेमके समोर.

“वहिनी, बरं झालं आलात,” सर म्हणाले. “तुमच्या मालकांना समजवा जरा. अख्खं शहर मोडीत काढायला निघालेत, पण दक्षिणेला दार करणार नाहीत.”

“सर...” मी म्हणाले. पण उशीर झाला होता.

“दक्षिणेला दार?” वहिनी हसल्या. “अवो, आमचंच दक्षिणेला हाय! मी रोज त्यातनंच भाजी आणतो की.” आमच्याकडच्या बायकांसारखं त्या ‘आणतो’, ‘जातो’ असंच बोलायच्या. “आणि खेळातल्या दाराला काय झालंय?”

“तेच तर! आधी होती म्हणे रस्त्याकडं.” हे सरांना समीनानं सांगितलं होतं, जुनं शहर तिच्या मशीनवर कुठंतरी पडलेलं होतं. “दोन वर्षांपूर्वी ह्यानंच फिरवली, सप्टेंबर-ऑक्टोबरात. का, ते सांगत नाही.”

वहिनींचं हसू गेलं. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, झाकण घट्ट आहे का ते उगीच पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “कवा म्हणाले? ऑक्टोबर?”

मी मान डोलावली. त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही.

दौलतदादा जिना चढून आले तेव्हा त्या त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना तिथं बघून ते दारातच थांबले.

“दाखवा,” वहिनी म्हणाल्या.

“काय?”

“पहिलं कुठलं फिरवलं ते.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं, मी नाही सांगितलं. ते येऊन खुर्चीमागं उभे राहिले, वाकून माउस घेतला आणि हमरस्त्यावरच्या एका घरापाशी गेले. “हे. तांबटाचं.”

वहिनींनी बराच वेळ पाहिलं. “सोन्यासारखं घर, आणि रस्त्याकडं पाठ. ह्याची बायको पाणी आणते कुठनं? मागच्या गल्लीतनं?”

“हं.”

“तिथं चिखल असंल.”

“हाय.”

“आणि किती जणींना घातलंत चिखलात?”

“एकसष्ट.”

“माझ्यापायी.” त्यांनी पदर कमरेला खोचला. “एवढं केलंत आणि दोन वर्सं तोंडातनं शब्द न्हाई. मी तिकडं दवाखान्यात म्हणत होतो, ह्या माणसाला काम सुटंना, बायको मरायला टेकली तरी घरं बांधतोय.”

सर हळूच उठून आपल्या खोलीत गेले. समीनानं कानात हेडफोन घातले, पण त्याची वायर नुसतीच लोंबत होती.

“फिरवा,” वहिनी म्हणाल्या.

“भारती, नको.”

“मग मी फिरवतो. कुठं दाबायचं?”

“तुला न्हाई जमायचं. आधी भिंत सोडवून घ्यावी लागती, मग चौकट, न्हाईतर कौलं खाली येतात.”

“मग शिकवा की.”

“आणि आकडा चढला तर?”

वहिनी वळल्या. खालच्या सुरात बोलल्या, पण खोली लहान होती. “मंगळवारी रक्त द्यायचंय का न्हाई? तोवर सगळी फिरवून ठेवा. काय येतंय बघू. चढलं तर डॉक्टरांकडं जाऊ. दार फिरवल्यानं किडनी बसली नव्हती, आणि दार फिरवल्यानं जायची न्हाई. आणि जाणार असंल, तर मला कळू दे तरी. चोरून जगायचं का मी, तांबटाच्या दारामागं?”

एका तपासणीवरून काही सिद्ध होत नाही, दोन्ही बाजूंनी नाही, हे मला तिथंच सांगता आलं असतं.

दौलतदादांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. “आधी इथं धर. सोडू नको. आता हळू ओढ.” भिंत सुटली. चौकट वर उचलली गेली, हवेत तिरकी झाली, वहिनी “अगंबाई” म्हणाल्या, आणि ती रस्त्याच्या अंगाला बसली. एका कोपऱ्यात भिंतीचा रंग फाटून खालचं करडं दिसत होतं.

“फाटलं की हो.”

“ते मी शिवतो.”

थोड्या वेळानं दार उघडलं आणि आतून एक बाई बाहेर येऊन उंबऱ्यात उभी राहिली. चेहरा त्या अठ्ठावीसांपैकीच एक होता.

“उरलेली तुम्ही करा,” वहिनी उठत म्हणाल्या. “मला भाकऱ्या टाकायच्यात. आणि डबा खावा आधी.”

ते काम दादांनी तीन दिवसांत केलं. एकही दार कुणाला करू दिलं नाही. मी मध्येमध्ये चहा नेऊन ठेवायचे. तो तसाच गार व्हायचा. साठावं झाल्यावर ते बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसले होते, मग एकसष्टावं केलं.

मी आणखी वीस मुलं आणली. या खेपेला त्यांची उत्तरं तीनशेच्या आसपास आली. हायब्रीडचा आकडा अजूनही मोठा होता आणि मी तो सरांना तसाच दिला. सोबत दुसराही दिला: पंधरा मिनिटं दिलेली असताना हायब्रीडमधल्या मुलांपैकी चौदा जण सहाव्या-सातव्या मिनिटालाच वेशीबाहेर निघून गेले होते. वेलमारमधून एकही गेलं नव्हतं.

सरांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. “मोठं कशाला म्हणायचं मग?”

“ते तुम्ही ठरवा, सर. मी मोजलंय.”

त्यांनी हायब्रीडचा कागद उलटा घातला.

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला परदेशातल्या बाई वेलमारमध्ये फिरायला लागल्या. आम्ही सगळे मोठ्या पडद्यासमोर बसलो होतो. त्या हमरस्त्यावर आल्या, थांबल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तांबटापाशी थांबल्या. तिथून एका बोळात शिरल्या, परत आल्या, दुसऱ्या बोळात शिरल्या. राजवाड्याला जायचंय हे त्या विसरल्या असाव्यात. सरांच्या हातातलं पेन मिटत-उघडत होतं. शेवटी बाईंचा आवाज आला की ठरलेली वेळ संपली आहे, पण त्यांना आणखी थोडं फिरायचंय, चालेल का. सरांनी पेन खिशाला लावलं आणि डोळे मिटून घेतले. समीनानं माझ्या पाठीत जोरात गुद्दा मारला.

दौलतदादा खोलीत नव्हते.

ते जिन्यात बसले होते, खालून तिसऱ्या पायरीवर. पायाशी हेल्मेट. हातात फोन, पालथा.

“दादा, चाललं. बाई अजून फिरतायत. शहर राहिलं.”

“बरं झालं,” ते म्हणाले. त्यांनी ते ऐकलं की नाही मला कळलं नाही.

मी त्यांच्या शेजारी बसले. दुकान बंद होत होतं, शटर अर्ध्यावर आलं होतं.

“सकाळी रक्त दिलं,” ते म्हणाले. “रिपोर्ट आलाय. मगाशीच वाजलं.”

“वहिनींनी पाहिला?”

“तिच्या फोनवर येत न्हाई, माझ्यावरच येतो. ती म्हणाली, बघा आणि येताना कोथिंबीर आणा.” त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. त्यांचा हात फार दमलेल्या माणसाचा असतो तसा जड होता. “तू वाच. तू आकडे वाचायला शिकलेली हायस.”

मी फोन घेतला. वरचं नाव वाचलं, वय वाचलं, तारीख वाचली. मग खालच्या ओळी.

“क्रिएटिनिन,” मी म्हणाले. “शून्य पूर्णांक नऊ.”